चाल कुणाकडे आहे? ऑर्केस्ट्राच्या पहिल्या मैफलीला जाणाऱ्यांसाठी

ग्लिंका: ‘रुस्लान आणि ल्युदमिला’, ओव्हर्चर
मेंडेल्सन: व्हायोलिन कन्चेर्टो, ई मायनर, ओपस 64
मध्यंतर
रिम्स्की-कोर्साकोव्ह: ‘शेहेराजाद’, ओपस 35

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या ऑर्केस्ट्राच्या मैफलीची पत्रिका साधारण अशी दिसते. सुरुवातीला पाच-दहा मिनिटांची एक छोटी रचना (इथे ओव्हर्चर, म्हणजे ऑपेराच्या आरंभी वाजणारं संगीत), मग कन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, आणि मध्यंतरानंतर सगळा ताफा लागणारी मोठी, रंगीत रचना. एकूण दोन तास धरून चाला. वरचा कार्यक्रम मी नमुना म्हणून घेतला आहे. तुमच्या पत्रिकेत दुसरी नावं असतील, पण वाट हीच असेल.

पहिल्यांदा जाणारे मला बहुतेक एकच गोष्ट विचारतात: “यातलं काही कळत नसेल तर जावं का?” जावं. त्यासाठी शास्त्र शिकायची गरज नाही. दोन तास फक्त एक प्रश्न स्वतःला विचारत राहायचं: या क्षणी चाल कुणाकडे आहे? व्हायोलिनकडे, बासरीकडे, की मागे बसलेल्या हॉर्नकडे? आत्ता त्या वाद्याकडून ती कुणी घेतली? मी स्वतः पहिल्या काही मैफली डोळे मिटून ऐकल्या. मन लावून ऐकायचं तर डोळे मिटावेत, असं वाटायचं. पण आवाजाची एकच मोठी लाट अंगावर यायची आणि अर्ध्या तासात थकवा यायचा. मग एकदा बाजूच्या वरच्या सज्जात जागा मिळाली. तिथून दिसलं की आपली चाल येण्याआधी बसूनवाल्याने (बसून हे लांब, खालच्या सुराचं लाकडी फुंकवाद्य) वाद्य ओठांशी नेलं, श्वास घेतला, आणि त्याच क्षणी शेजारच्या क्लॅरिनेटवालीने आपलं वाद्य मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवून ऐकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाच्या सोयीसाठी आहेत.

पायरी 1: पत्रिका वाचा, पण तिला घाबरू नका

‘ओपस 64’ म्हणजे त्या संगीतकाराच्या रचनांच्या यादीतला क्रमांक. ‘ई मायनर’ म्हणजे रचना कोणत्या सुराला घर मानते आणि तिची छटा कोणती, याची नोंद. सरसकट बोलायचं तर मेजर उजळ वाटतो आणि मायनर गंभीर. पहिल्या दिवशी याहून जास्त खोलात जाऊ नका.

जास्त उपयोगी माहिती त्याखालच्या बारीक ओळींमध्ये असते. मोठी रचना तीन-चार भागांत विभागलेली असते. या भागांना मूव्हमेंट म्हणतात, आणि प्रत्येक भागाला सहसा वेगाचं इटालियन नाव असतं: आलेग्रो म्हणजे जलद, आंदान्ते म्हणजे चालण्याच्या गतीचा, आदाजिओ म्हणजे संथ, प्रेस्तो म्हणजे फार जलद. जाण्याआधी भाग किती आहेत ते मोजून ठेवा. कन्चेर्टोचे बहुधा तीन असतात (जलद, संथ, जलद), सिम्फनीचे (सहसा एकल वादक नसलेली, अख्ख्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना) बहुधा चार. टाळ्या कधी वाजवायच्या, हा सगळ्यांना छळणारा प्रश्न एवढ्या मोजणीने जवळजवळ सुटतो.

पायरी 2: घरी थोडं ऐकून जा

कोरं जाण्यात मजा असते असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. या संगीतात चाल एकदा येते, लपते, वेश बदलून परत येते. ती परत आल्याचा आनंद हवा असेल तर आधी तिची तोंडओळख हवी.

तयारीचा पहिला धडा म्हणून मी प्रत्येकाला राव्हेलची ‘बोलेरो’ ऐकायला सांगतो, पत्रिकेत ती नसली तरी. ही 1928 ची रचना पंधरा मिनिटांच्या आसपास चालते. स्नेअर ड्रमचा एकच ठेका आरंभापासून अखेरपर्यंत सुरू राहतो आणि त्यावर दोन भावंडांसारख्या चाली आलटून पालटून येतात. चाली बदलत नाहीत, वाजवणारं वाद्य बदलतं. आधी फ्लूट, मग क्लॅरिनेट, मग उंच पट्टीत ताणलेला बसून, मग छोटा क्लॅरिनेट, मग ओबो द’आमोरे (ओबो या फुंकवाद्याचा थोडा खालच्या सुराचा प्रकार). पुढे सॅक्सोफोन येतात, ट्रॉम्बोन येतो. मध्येच एके ठिकाणी हॉर्नच्या डोक्यावर दोन पिकोलो (छोट्या, उंच सुराच्या फ्लूट) आणि चेलेस्टा (घंटीसारखे सूर देणारं, पियानोसारखं वाद्य) असे काही बसवले आहेत की ऑर्गन वाजतोय असा भास होतो. पहिल्यांदा ऐकताना वाद्यांची यादी समोर ठेवा, दुसऱ्यांदा न बघता ओळखा. निम्मी ओळखू आली तरी तुमची तयारी झाली.

नंतर कन्चेर्टो दोनदा ऐका. एकदा काम करता करता, एकदा नुसतं बसून. मध्यंतरानंतरची मोठी रचना मात्र पूर्ण ऐकू नका. तिची पहिली दहा मिनिटं पुरेत. मोठ्या ऑर्केस्ट्राचा खरा दणका घरच्या स्पीकरमध्ये मावत नाही, आणि तो पहिल्यांदा सभागृहातच अंगावर घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

पायरी 3: जागा निवडा

सर्वांत पुढच्या रांगा नवख्याला मोहात पाडतात. तिथून एकल वादकाचा गज तारेवर घासल्याचा आवाजही ऐकू येतो, पण पुढच्या व्हायोलिनांच्या भिंतीमागे काय चाललंय ते दिसत नाही. चाल कुणाकडे आहे हे शोधायचं तर वरून बघणं बरं. पहिल्या बाल्कनीची पुढची किंवा मधली रांग मला सर्वांत आवडते. ऑर्केस्ट्रा नकाशासारखा पसरलेला दिसतो आणि आवाज एकजीव होऊन पोचतो.

खालीच बसायचं असेल आणि त्या संध्याकाळी व्हायोलिन कन्चेर्टो असेल, तर मधोमध किंवा किंचित डावीकडे बसा. एकल वादक संचालकाच्या (कंडक्टरच्या) डाव्या हाताला उभा राहतो आणि त्याच्या व्हायोलिनचा आवाज समोर फेकला जातो. काही सभागृहांत ऑर्केस्ट्राच्या मागेही जागा असतात. तिथून संचालकाचा चेहरा दिसतो, टिंपनी (नगाऱ्यांसारखं मोठं तालवाद्य) हाताच्या अंतरावर असते. ‘शेहेराजाद’साठी तिथे अवश्य बसा, पण व्हायोलिन कन्चेर्टोसाठी टाळा. एकल वादकाची पाठ तुमच्याकडे असते आणि पितळी वाद्यं त्याला झाकून टाकतात.

पायरी 4: पोचा आणि स्थिरावा

अर्धा तास आधी पोचा. उशीर झाला तर दार बहुतेक वेळा पहिली रचना संपल्यावरच उघडतं. फोन पूर्ण बंद करा, कारण थरथर करणारा फोनसुद्धा शांत जागी चार रांगांना ऐकू जातो. खोकला असेल तर गोळीचा कागद आधीच सोलून ठेवा. कपडे नीटनेटके आणि आरामाचे असले की पुरे.

आधी पोचण्याचा खरा फायदा असा की मंच रिकामा असताना नकाशा पाठ करता येतो. संचालकाच्या चौथऱ्याभोवती अर्धवर्तुळात तंतुवाद्यं: डावीकडे पहिली व्हायोलिनं, मग दुसरी, मग व्हिओला, उजवीकडे चेलो आणि त्यांच्यामागे उभे डबल बास. काही ऑर्केस्ट्रा दुसरी व्हायोलिनं उजव्या कडेला, पहिल्यांच्या समोरासमोर बसवतात. मध्यभागी थोडी उंचावर लाकडी फुंकवाद्यं: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून. (फ्लूट आता सहसा धातूची असते, तरी तिला लाकडी घराण्यातच मोजतात.) त्यांच्यामागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. अगदी मागे टिंपनी, ढोल, झांजा.

खुर्च्या मोजा. मेंडेल्सनला फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न आणि ट्रम्पेट यांची प्रत्येकी एक जोडी, टिंपनी आणि तंतुवाद्यं एवढंच लागतं. ‘शेहेराजाद’ला चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, ट्यूबा, हार्प आणि मागच्या रांगेत तालवाद्यांचा बाजारच लागतो. म्हणजे मध्यंतरानंतर मंच भरलेला दिसेल, आणि आवाज कुठून येणार हे आवाज होण्याआधीच कळेल.

पायरी 5: सूर जुळवणं चुकवू नका

वादक आपापलं काहीतरी घासत-फुंकत असतात, तेवढ्यात कॉन्सर्टमास्टर येतो. तो पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख. त्याला टाळ्या मिळतात. तो उभा राहून ओबोकडे बघतो आणि ओबो एक लांब सूर धरतो. हा ‘ए’, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांचा सूर. काही ऑर्केस्ट्रा तो किंचित चढा, 442 च्या आसपास ठेवतात. ओबोचा आवाज धारदार आणि स्थिर असतो, गर्दीतूनही तो कानाला लागतो, म्हणून हे काम त्याच्याकडे आहे. आधी फुंकवाद्यं त्याच्याशी जुळतात, मग तंतुवाद्यं.

कान तयार करायला यासारखी वेळ नाही. एकच सूर, पण पितळेतून आला की वेगळा, गजातून आला की वेगळा. मोठ्या रचनांना ‘रंगीत’ का म्हणतात ते इथेच, पहिल्या मिनिटात कळतं. सूर तोच राहतो, वाद्य बदललं की त्याचा रंग बदलतो.

मग शांतता होते, संचालक येतो आणि ओव्हर्चर सुरू होतं. ग्लिंकाचं हे 1842 चं ओव्हर्चर पाचेक मिनिटांत धावून संपतं. इथे काही शोधू नका. व्हायोलिनवाल्यांचे गज बघा. चौदा-सोळा गज एकदम वर, एकदम खाली जातात. तो योगायोग नसतो. गज कुठे वर आणि कुठे खाली, हे कॉन्सर्टमास्टर आधी ठरवून देतो आणि ते प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं असतं.

पायरी 6: कन्चेर्टो. एक व्हायोलिन आणि मागे सगळे

आता एकल वादक आत येतो. सोबत एकच व्हायोलिन, चार तारांचं, मागच्या खुर्च्यांवर आहेत तसंच. ध्वनिवर्धक नाही. मागे तीसेक व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं. तरीही ते एक व्हायोलिन शेवटच्या रांगेत ऐकू येतं. हे कसं होतं याकडे लक्ष द्या, अर्धा कन्चेर्टो तिथेच उलगडतो.

यामागे वादकाची ताकद आहेच, पण संगीतकाराचं नियोजनही आहे. एकल व्हायोलिन गात असताना तो बाकीच्यांना वाट मोकळी करायला लावतो. तंतुवाद्यं हळू होतात किंवा गज खाली ठेवून बोटांनी तारा छेडतात, पितळी वाद्यं गप्प बसतात. व्हायोलिनला तो सर्वांत वरच्या, ‘ई’ तारेवर नेतो, जिथे तिच्या आसपास दुसरं कुणी नसतं. आणि जिथे अख्खा ऑर्केस्ट्रा गर्जतो, तिथे एकल वादक व्हायोलिन खाली घेऊन नुसता उभा असतो. ही जागा सोडण्याची आणि घेण्याची शिस्त एकदा दिसली की दोन पक्षांचं बोलणं ऐकू यायला लागतं.

मेंडेल्सनने हा कन्चेर्टो त्याचा मित्र, व्हायोलिनवादक फर्डिनांड डेव्हिड याच्यासाठी लिहिला. 1838 मध्ये त्याने डेव्हिडला पत्रात कळवलं होतं की ई मायनरमधला एक कन्चेर्टो डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात चैन पडू देत नाही. तो पुरा झाला 1844 मध्ये आणि पहिल्यांदा वाजला 1845 मध्ये, लाइपझिगला. ज्या सुरुवातीने त्याला चैन पडू दिलं नाही ती अशी आहे: तंतुवाद्यांची हलकी कुजबुज, जेमतेम काही मात्रांची, आणि लगेच वर, उंचावर, एकल व्हायोलिनची चाल. तोवरच्या रिवाजाप्रमाणे आधी ऑर्केस्ट्रा सगळ्या चाली वाजवून दाखवायचा आणि मग वादक शिरायचा. मेंडेल्सनने तो दरबारी थाट बाजूला ठेवला. म्हणून खुर्चीत सावरून बसेपर्यंत थांबू नका, आधीच तयार राहा.

पहिल्या भागातल्या तीन जागा सांगतो.

पहिली, थोड्या वेळाने येणारी शांत चाल. ती व्हायोलिनकडे नसते! क्लॅरिनेट आणि फ्लूट ती हळुवार गातात, आणि एकल वादक त्यांच्याखाली आपल्या सर्वांत खालच्या तारेवर एकच लांब सूर धरून उभा असतो. संध्याकाळचा नायक त्या क्षणी दुसऱ्यांच्या पायाखालची जमीन होतो. मला अख्ख्या कन्चेर्टोत ही जागा सर्वांत प्रिय आहे. नुसतं एकल वादकाकडे बघणाऱ्याला ती कळतच नाही.

दुसरी, कॅडेन्झा. सगळे थांबतात आणि एकल वादक एकटा वाजवतो. पूर्वी हा भाग वादकाच्या कल्पनेवर सोडलेला असायचा आणि भागाच्या शेवटाजवळ यायचा. मेंडेल्सनने तो स्वतः लिहून काढला आणि चक्क मध्ये आणून ठेवला. कॅडेन्झाच्या अखेरीस वादक गज चारही तारांवर उसळवत राहतो, आणि त्या उसळण्याच्या आडून ऑर्केस्ट्रा सुरुवातीची चाल घेऊन परत येतो. आता चाल त्यांच्याकडे आहे आणि व्हायोलिन साथीला. घरी दोनदा ऐकलं असेल तर इथे अंगावर काटा येईल.

तिसरी, पहिल्या भागाचा शेवट. सगळे जोरात थांबतात, पण एक बसून आपला सूर सोडत नाही. तो एकटा धरून राहतो, अर्धा सूर वर सरकतो आणि दुसरा, संथ भाग सुरू होतो. इथे टाळ्या वाजवायला हात उचलले गेले तर बसूनचा तो धागा तुटतो.

संथ भागाच्या मधोमध वादकाकडे नीट बघा. तो एकाच व्हायोलिनवर चालही वाजवतो आणि तिच्याखालची थरथरती साथही. तिसऱ्या भागाआधी एक छोटा, रेंगाळणारा पूल आहे, आणि मग ट्रम्पेटसह फुंकवाद्यांच्या ललकारीने शेवटची धाव सुरू होते. मूळ घर ई मायनर होतं, हा भाग ई मेजरमध्ये आहे. ढग हटल्यासारखं वाटेल.

तुमच्या पत्रिकेत दुसरा कन्चेर्टो असेल तर थोडक्यात एवढं ध्यानात ठेवा. बेथोव्हनचा (1806) टिंपनीच्या पाच हलक्या ठोक्यांनी सुरू होतो आणि व्हायोलिन शिरायला तीनेक मिनिटं लागतात. ती मिनिटं वाट बघण्याची नाहीत, पुढे येणाऱ्या साऱ्या चाली तिथेच येऊन जातात. ब्राम्सच्या (1878) संथ भागात सर्वांत सुंदर चाल आधी ओबोला मिळते आणि एकल वादक ती ऐकत उभा असतो. चायकोव्हस्कीचा (1878) व्हिएन्नात 1881 मध्ये पहिल्यांदा वाजला तेव्हा समीक्षक एदुआर्द हान्सलिक यांनी त्याला झोडपून काढलं. आज तो सर्वाधिक वाजणाऱ्या कन्चेर्टोंपैकी आहे. त्याचा पहिला भाग इतका दणक्यात संपतो की तिथे जाणकार सभागृहही टाळ्या आवरू शकत नाही. सिबेलियसला तरुणपणी स्वतःलाच व्हायोलिनवादक व्हायचं होतं. त्याच्या कन्चेर्टोत (1904, सुधारित 1905) व्हायोलिनांच्या दबक्या, थरथरत्या पडद्यावर एकल व्हायोलिन जवळजवळ कुजबुजत येतं. इथे पहिल्या सेकंदापासून कान लावा.

एक गोष्ट क्वचित घडते, पण घडली तर दचकू नका. वाजवताना तार तुटली तर एकल वादक झटकन कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतो आणि पुढे वाजवायला लागतो. त्याचं तार तुटलेलं व्हायोलिन मागे जातं. ही रीत सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे काही वेळा संगीत थांबतही नाही.

पायरी 7: टाळ्या

आजचा रिवाज असा की दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, पूर्ण रचना संपल्यावर वाजवायच्या. हा नियम अनादी नाही. 1778 मध्ये मोत्झार्टने पॅरिसहून वडिलांना आनंदाने कळवलं होतं की त्याच्या सिम्फनीत एक जागा आली आणि श्रोत्यांनी भाग चालू असतानाच टाळ्या वाजवल्या. शांत बसण्याची शिस्त विसाव्या शतकात पक्की झाली. तेव्हा कुणी मध्येच टाळ्या वाजवल्या तर मागे वळून डोळे वटारू नका. त्या माणसाला संगीत पोचलेलं असतं.

भाग मोजलेले असतील तर घोळ होत नाही. विसरलात तर संचालकाचे हात बघा. हात हवेत तोवर रचना संपलेली नाही. हात खाली आले, खांदे सैल झाले, एकल वादकाने व्हायोलिन उतरवलं, की मनसोक्त वाजवा. हळू संपणाऱ्या रचनेनंतर दोन श्वास थांबा. ती शांतताही रचनेचाच भाग असते.

टाळ्या फार वेळ चालल्या तर एकल वादक परत येऊन एकट्याने काहीतरी छोटं वाजवतो. हा एन्कोअर पत्रिकेत नसतो. म्हणून कन्चेर्टो संपताच दाराकडे धावू नका.

मध्यंतरात एक काम करा. मंचाजवळ जाऊन मागच्या रांगेत काय काय मांडलं जातंय ते बघा. मोठी लोंबती तांब्याच्या रंगाची तबकडी दिसली तर ती टॅमटॅम. तिची जागा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पायरी 8: रंगांची रचना

रिम्स्की-कोर्साकोव्ह तरुणपणी रशियन नौदलात होता आणि जहाजावरून देशोदेशी फिरला होता. ‘शेहेराजाद’ 1888 ची. अरबी सुरस कथांमधल्या त्या राणीला सगळे ओळखतात, जी रोज रात्री गोष्ट अर्धवट ठेवून आपला जीव वाचवते. पण कुठल्या सुराला कुठली घटना, असा हिशेब जुळवत बसू नका. भागांना गोष्टींची नावं होती, ती पुढे संगीतकाराने स्वतःच काढून टाकली. दोन माणसं ओळखता आली की बास.

पहिला सुलतान. रचनेचा पहिलाच आवाज त्याचा: ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि खालच्या तंतुवाद्यांची जड, करडी चाल. दुसरी शेहेराजाद. फुंकवाद्यांचे काही मऊ सूर होतात, आणि मग हार्पच्या साथीने एकटं व्हायोलिन वर चढत, वळणं घेत बोलायला लागतं. हे कोण वाजवतं बघा. आता समोर एकल वादक नाही. कॉन्सर्टमास्टर वाजवतोय, आपल्या खुर्चीतून. पहिल्या अर्ध्यात व्हायोलिन ऑर्केस्ट्राच्या पुढे उभं होतं, आता ते ऑर्केस्ट्राच्या पोटातून बोलतंय, आणि बहुतेक गोष्टींना तेच तोंड फोडतं. अशा दोन रचना एकाच संध्याकाळी ऐकायला मिळणं हे भाग्यच.

पहिल्या भागात खालून चेलो झुलत राहतात, तो समुद्र. दुसऱ्यात व्हायोलिनचं बोलणं संपताच बसून उठतो आणि एक लहरी, थोडी थट्टेखोर चाल सांगतो. तीच चाल मग ओबो घेतो, मग व्हायोलिनं. वाटेत एक जागा येते जिथे सगळी तंतुवाद्यं एखादं मोठं गिटार छेडावं तशी तारा छेडत राहतात आणि त्यावर क्लॅरिनेट मोकाट सुटतो. पुढे तसंच बसूनही. मघाच्या कॅडेन्झासारखंच हे, पण मागच्या रांगेतल्या माणसाला मिळालेलं. इथे डोळे मिटलेले असतील तर उघडा.

तिसऱ्या भागात तंतुवाद्यांची लांब, गोड चाल आहे, तिच्याभोवती क्लॅरिनेट आणि फ्लूट वेलबुट्टी काढतात आणि मधोमध स्नेअर ड्रमच्या हलक्या ठेक्यावर नाच. इथे विश्रांती घ्या, कारण चौथा भाग दम घेऊ देत नाही. आधीच्या सगळ्या चाली तिथे गर्दीत भेटतात. एका क्षणी ती सगळी लगबग समुद्रात कोसळते: पहिल्या भागातला झुलणारा समुद्र आता ट्रॉम्बोनांच्या तोंडी, खवळलेला. मग टॅमटॅमचा घाव, म्हणजे जहाज फुटलं. त्यानंतर सगळं ओसरतं, आणि सुलतानाची तीच करडी चाल चेलो आणि डबल बासमधून अगदी हळू येते, राग गेलेली. वर कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन एक उंच, बारीक सूर धरून ठेवतं.

पत्रिकेत दुसरी रंगीत रचना असेल तर तिथेही हाच खेळ खेळा. मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’ मूळ पियानोसाठी, 1874 ची. राव्हेलने 1922 मध्ये तिला ऑर्केस्ट्राचा साज चढवला. जुन्या किल्ल्याची चाल तिथे सॅक्सोफोनकडे आहे आणि जड बैलगाडीची ट्यूबाकडे. पियानोची मूळ रचनाही घरी ऐका, रंग भरणं म्हणजे काय हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. रेस्पिगीच्या ‘पाइन्स ऑफ रोम’मध्ये (1924) एके ठिकाणी नाइटिंगेल पक्ष्याच्या गाण्याचं खरंखुरं ध्वनिमुद्रण वाजतं. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’च्या अखेरीस स्त्रियांचा आवाज येतो, पण मंचावर गायिका दिसत नाहीत. त्या शेजारच्या खोलीत असतात, आणि त्या खोलीचं दार हळूहळू बंद केलं जातं.

पायरी 9: शेवटच्या टाळ्यांना थांबा

गर्दी टाळायला काही जण टाळ्या सुरू होताच निघतात. तुम्ही बसून राहा. संचालक आत-बाहेर करतो आणि मग एकेका वादकाकडे हात करून त्याला उभं करतो. ‘शेहेराजाद’नंतर सहसा कॉन्सर्टमास्टर, मग बसून, क्लॅरिनेट, फ्लूट, ओबो, हॉर्न, हार्प. त्यांची नावं तुम्हाला ठाऊक नसतील. पण बसूनवाला आपलं लांब वाद्य सांभाळत उभा राहील तेव्हा दुसऱ्या भागातली ती लहरी चाल तुमच्या कानात आपोआप सुरू होईल, आणि टाळ्या जरा जोरात पडतील.